मुका ईएनटी

दहावीच्या बोर्डात मला फ्रेंचमध्ये १०० पैकी ९५ मार्क होते. ती मार्कशीट आईने अजून फाइलमध्ये जपून ठेवली आहे.

चार वर्षांनी मी एका तोंडी परीक्षेला बसले. समोरच्या बाई फ्रेंच होत्या आणि चेहऱ्यावरून प्रेमळ वाटत होत्या. त्यांनी विचारलं, आईवडील काय करतात? प्रश्न सोपा होता. मला म्हणायचं होतं, 'माझे आईवडील नोकरी करतात.' डोळ्यांपुढे आख्खा तक्ता उभा राहिला. सहा ओळी, सहा सर्वनामं, सहा रूपं. शेवटची ओळ अनेकवचनाची, आणि तिच्या शेपटाला ई, एन, टी ही तीन अक्षरं. मी ठणकावून सांगितलं, "मे पाराँ त्राव्हायाँ."

बाईंच्या कपाळावर बारीकशी आठी उमटली. "पार्दों?" मी तेच वाक्य आणखी मोठ्याने म्हटलं. समोरच्याला कळलं नाही की आवाज वाढवायचा, ही आपली जुनी रीत. तिसऱ्या खेपेला त्यांना उलगडा झाला. "आ! त्राव्हाय्!" असं म्हणून त्यांनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं.

त्राव्हाय्. एवढंच. ई-एन-टी कागदावर होतं, तोंडात नव्हतं. गंमत म्हणजे त्याच वाक्यातल्या 'पाराँ'मध्येही ही तीन अक्षरं आहेत आणि तिथे त्यांचा नाकातला 'आँ' होतो. म्हणजे एका शब्दात ती बोलतात आणि पुढच्याच शब्दात मुकी होतात. आठवी ते दहावी अशी तीन वर्षं मी हे तक्ते पाठ केले, लिहिले, त्यांत पैकीच्या पैकी मार्क मिळवले. एकदाही मला कुणी सांगितलं नाही की क्रियापदाच्या अनेकवचनी शेपटातलं ई-एन-टी सहसा ऐकू येत नाही.

ई-एन-टी म्हटलं की आपल्याला कान-नाक-घशाचा डॉक्टर आठवतो. फ्रेंच नेमकी याच तीन अवयवांनी शिकायची भाषा आहे. आपण ती डोळ्यांनी शिकवतो. हा लेख त्या सवयीविरुद्ध आहे.

(फ्रेंच उच्चार देवनागरीत पुरते उतरत नाहीत. इथले उच्चार ढोबळ आहेत. पाय मोडलेलं अक्षर दिसलं की तिथे स्वर नाही, एवढं धरून चाला.)

सहा ओळी, तीन आवाज

'बोलणे' या अर्थाचं क्रियापद घ्या, 'पार्ले'. तक्त्यात वर्तमानकाळाची सहा रूपं असतात आणि पाच वेगवेगळी स्पेलिंग. आता डोळे मिटून ऐका. मी बोलते: पार्ल्. तू बोलतोस: पार्ल्. तो बोलतो: पार्ल्. ते बोलतात: पार्ल्. आम्ही: पार्लों. तुम्ही: पार्ले. झालं. सहा ओळींत आवाज तीनच. त्यात रोजच्या बोलण्यात फ्रेंच माणूस 'आम्ही'साठी बहुतेक वेळा 'ऑं' हे सर्वनाम वापरतो, आणि त्याचं रूप पुन्हा पार्ल्. म्हणजे उरले दोन.

'तो बोलतो' आणि 'ते बोलतात' ही दोन्ही वाक्यं 'इल् पार्ल्' अशीच ऐकू येतात. पॅरिसमध्ये जन्मलेल्या माणसालाही नुसत्या आवाजावरून फरक सांगता येणार नाही. तो संदर्भावरून कळतो.

म्हणूनच फ्रेंचला सर्वनाम सोडता येत नाही. आपण नुसतं "येतोस का?" म्हटलं तरी कुणाला विचारलं ते कळतं, कारण आपली शेपटी ऐकू येते. फ्रेंचची आई लॅटिन, तिचंही तसंच होतं: आमो, आमास, आमात. प्रत्यय बोलत होते, सर्वनामाची गरज नव्हती. फ्रेंचमध्ये शतकानुशतकं शेवटचे ध्वनी झिजत गेले, प्रत्यय मुके झाले, आणि त्यांचं काम सर्वनामाच्या गळ्यात पडलं. कागदाने मात्र जुनी अक्षरं सोडली नाहीत. तक्त्यात आपण पाठ करतो ते बऱ्याच अंशी त्या जुन्या उच्चारांचे अवशेष असतात.

संस्कृतचे तक्ते आठवा. पठति, पठतः, पठन्ति. पोरं ते एका सुरात म्हणायची आणि त्याला अर्थ होता, कारण प्रत्येक रूप कानाला वेगळं लागतं. तो तक्ता म्हणण्यासाठीच होता. आपण पद्धत तीच उचलली, तोंड मात्र मागे ठेवलं. फ्रेंचचा तक्ता त्याच सुरात म्हणून बघा: ज पार्ल्, त्यु पार्ल्, इल् पार्ल्. पाढा कमी, रेकॉर्ड अडकल्यासारखं जास्त वाटेल.

अपवाद नावाची अफवा

आता खऱ्या भांडणाकडे येते. क्लासमध्ये दुसऱ्या महिन्यात 'अपवाद' सुरू होतात. 'बोलावणे' या क्रियापदात मध्येच एल दुप्पट होतो, तो पाठ करा. 'विकत घेणे'मध्ये ई-च्या डोक्यावर तिरकी रेघ येते, ती पाठ करा. 'उचलणे'मध्येही रेघ, पण 'फेकणे'मध्ये टी दुप्पट. आणि ही भानगड मी, तू, तो, ते या चार रूपांतच, आम्ही-तुम्हीमध्ये नाही. का? "फ्रेंच अशीच आहे." माझ्या वहीत या अपवादांना गुलाबी हायलायटर होता. परीक्षेच्या आदल्या रात्री वही पाहिली की सगळं पान गुलाबी.

इथे अपवाद मुळात नाहीच. इथे आहे ते सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात तोंडातून पडणारा तुकडा.

'मी बोलावते' हे फ्रेंचमध्ये 'आ-पेल्'. 'आम्ही बोलावतो' हे 'आ-प्लों'. पहिल्यात शेपटी मुकी आहे. 'ल्'ला टेकायला पुढे स्वर नाही, म्हणून तो मागच्या तुकड्यात जातो आणि तो तुकडा बंद होतो. आता त्यात जो ई आहे, तो एरवी फ्रेंचमधला सगळ्यात दुबळा स्वर. पण शब्दाचा सगळा भार आता त्याच्यावर आला. त्याला दुबळं राहून चालत नाही, त्याचा ठसठशीत 'ए' होतो. दुसऱ्या रूपात 'ओं' ही शेपटी बोलते. 'ल्' उडी मारून तिच्याकडे जातो, दुबळ्या स्वरावरचा भार उतरतो आणि बोलताना तो गळूनच पडतो.

बास, हाच तो नियम. 'विकत घेणे': आ-शेत्, पण आश्-तों. 'उचलणे': लेव्ह्, पण ल-व्हों. तो 'ए' कागदावर दाखवायला लिहिणाऱ्यांनी दोन युक्त्या वापरल्या, कुठे अक्षर दुप्पट केलं, कुठे डोक्यावर रेघ दिली. आवाज एकच, वेश दोन. आम्हाला कुणी आवाज ऐकवला नाही, वेशांची यादी दिली.

अनेकवचनाचंही तेच. पाठ करणाऱ्याला 'संपवणे', 'विकणे', 'निघणे', 'वाचणे' या प्रत्येकाचा वेगळा तक्ता लागतो. ऐकणाऱ्याला एक गोष्ट पुरते. तो संपवतो: फिनी. ते संपवतात: फिनीस्. तो विकतो: व्हाँ. ते विकतात: व्हाँद्. तो निघतो: पार्. ते निघतात: पार्त्. तो वाचतो: ली. ते वाचतात: लीझ्. अनेकवचनात शेवटी एक व्यंजन ऐकू येतं, एकवचनात ते गळतं. 'येणे' आणि 'घेणे'मध्ये सोबत नाकातला सूरही जातो: व्ह्यँ आणि व्हिएन्, प्राँ आणि प्रेन्. अनेकवचन आधी शिका, शेवटचं व्यंजन छाटा, एकवचन हातात. खरोखर वाकडी चालणारी क्रियापदं थोडीच: असणे, जवळ असणे, जाणे, करणे. या चौघांचं 'ते'चं रूप 'ओं'ने संपतं. ती पाठ करा, माझी काही तक्रार नाही.

आणि शब्द शेजारी आले की तुकडे नव्याने पडतात. 'तो प्रेम करतो' हे 'इल् एम्' असं सुटं कुणी म्हणत नाही. ते 'इ-लेम्' होतं. अनेकवचनात मुका एस जागा होतो, झाडातल्या झ-सारखा: 'इल्-झेम्'. एवढ्या एका 'झ'वर एक जण की अनेक, हे ठरतं. 'जा!' हे 'व्हा', पण 'तिथे जा!' हे 'व्हा-झी'. आज्ञेच्या रूपात नसलेला एस तिथे टपकतो, कारण दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत. प्रश्नात 'त्याच्याकडे आहे का?' याचं 'आ-तील्' होतं, आणि मधला 'त्' ना क्रियापदाचा ना सर्वनामाचा. वर्तमानकाळाच्या तक्त्यात तो सापडणार नाही. वाक्य बोलणाऱ्याच्या तोंडात सापडेल.

आपण लिहितो तसं बोलत नाही

इथे नेहमी एक वाक्य ऐकायला मिळतं. "काय ही फ्रेंच! लिहायचं एक आणि बोलायचं एक. आपली मराठी बघा, जशी बोलतो तशी लिहितो."

हे साफ खोटं आहे. आणि या खोट्या अभिमानामुळेच आपण समोर दिसेल ते अक्षर वाचत सुटतो.

'घर' लिहिताना अक्षरं दोन. बोलताना तुकडा एक, घर्. 'करतो' लिहिताना तीन अक्षरं, बोलताना कर्-तो. 'करतो'मधला 'र' कुणी पूर्ण 'र' असा उच्चारला तर आपण लगेच ओळखतो की हा माणूस मराठी पुस्तकातून शिकलाय.

आता 'विसरणे' घ्या. 'विसरतो' म्हणताना आपण 'वि-सर्-तो' म्हणतो. 'विसरेल' म्हणताना? 'विस्-रेल'. स-मधला 'अ' कुठे गेला? 'स-मज्-तो', पण 'सम्-जेल'. 'उ-मल्-ते', पण 'उम्-लेल'. पुढून बोलता स्वर आला की व्यंजन त्याच्याकडे उडी मारतं आणि आधीचा दुबळा स्वर गळतो. आता वर जाऊन पुन्हा वाचा: आ-पेल्, पण आ-प्लों. एवढाच फरक की फ्रेंचमध्ये भार आल्यावर स्वर बदलून 'ए' होतो, आपल्याकडे 'अ' तसाच राहतो. यंत्रणा तीच.

म्हणजे जो नियम आम्हाला गुलाबी हायलायटरने पाठ करायला लावला, तो आमच्या तोंडात तीन वर्षांच्या वयापासून होता. त्याचा तक्ता कुणी दिला नव्हता. शिक्षकाने एकदा जरी म्हटलं असतं की 'विसरतो' आणि 'विसरेल' मोठ्याने म्हणा, तर अर्धं पान पुसता आलं असतं.

आणखी एक साम्य. 'घर'मधला शेवटचा 'अ' आपण सहज गिळतो, 'मित्र'मधला गिळता येत नाही, जीभ अडते. मोरिस ग्रामों या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचच्या दुबळ्या स्वराबद्दल जे मांडलं, त्याचं मर्म असंच आहे: तीन व्यंजनं एकमेकांवर चढणार असतील तर स्वर टिकतो, नाहीतर जातो. म्हणून 'तो गाईल' हे 'शाँ-त्रा', दोन तुकडे. 'तो बोलेल' हे 'पार्-ल-रा', तीन. तक्त्यात दोन्ही एकाच साच्यात, एकाच शेपटीसह शेजारी बसतात.

कवितेतही दोन्ही भाषा एकसारख्या वागतात. फ्रेंचच्या बारा सिलॅबलच्या जुन्या वृत्तात, पुढे व्यंजन असेल तर बोलण्यातला मुका ई मोजला जातो. आपल्या अक्षरगणवृत्तातही 'घर' दोन अक्षरांचंच धरतात, आणि अभंग गाताना शेवटचा गिळलेला 'अ' लांबवून परत आणतात. बोलण्यात मेलेला स्वर गाण्यात जिवंत होतो. हे ज्याच्या कानावर लहानपणापासून आहे, त्याला फ्रेंचचा मुका ई परका वाटायचं कारणच नाही.

मुक्या खुणांचा अनुभवही आपल्याला आहे. आजोबांच्या कपाटातल्या पुस्तकात 'केलें', 'नाहीं' असं दिसतं. ते अनुस्वार एके काळी बोलत होते, मग मुके झाले, आणि तरी कागदावर टिकले. १९६२ च्या लेखननियमांनी ते काढून टाकले. फ्रेंचांनी आपले ठेवले, एवढाच फरक.

आणि गंमत बघा, फ्रान्सलाही अधूनमधून कानाचं ऐकावं लागतं. १९९० मध्ये तिथे स्पेलिंगच्या सुधारणा जाहीर झाल्या. त्यांत 'हार मानणे' या क्रियापदाच्या भविष्यकाळात रेघेची दिशा बदलायला मुभा मिळाली. कारण? बोलताना तो तुकडा बंद होतो आणि स्वर 'ए'कडे झुकतो. म्हणजे सिलॅबलचा कौल कागदाने मान्य केला. २०१६ मध्ये पाठ्यपुस्तकांत या सुधारणा येणार म्हटल्यावर तिकडे सोशल मीडियावर गदारोळ झाला, तो भाग वेगळा.

'पण परीक्षेत तर तक्ताच येतो'

हा आक्षेप मला मान्य आहे, कारण मीही त्याच्या आड लपले होते. कॉलेजात असताना मी आठवी-नववीच्या मुलांच्या फ्रेंचच्या शिकवण्या घ्यायचे. पहिली दोन वर्षं मी काय केलं? तक्ते पाठ करून घेतले. मार्क आले, पालक खूश झाले. आपल्याकडे फ्रेंच घेतात तेच मुळी स्कोअरिंग म्हणून. माझ्या हाताखालून गेलेली पोरंही कुठेतरी कुणासमोर "त्राव्हायाँ" म्हणत असतील, याची मला खात्री आहे.

पण परीक्षेचंच म्हणाल तर हिशेब करू. फ्रेंचची जगभर चालणारी 'देल्फ' परीक्षा घ्या. चार भाग, प्रत्येकी २५ गुण: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. त्यातले ५० गुण कान आणि तोंड यांचे. कोऱ्या तक्त्यात रूपं भरा, असा भाग त्यात नाही. तिकडे शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्याचा पहिला दिवस तर सगळाच कानावर असतो. बसमध्ये, बँकेत, घरमालकासमोर कुणी स्पेलिंग दाखवत नाही.

"आधी लिहायला शिका, उच्चार मागाहून येईल" हा दुसरा युक्तिवाद. फ्रेंच मूल ही रूपं आधी बोलायला शिकतं आणि स्पेलिंग नंतर शाळेत शिकतं. तिथेही त्याची दमछाक होते. 'बोलणे', 'बोललेलं' आणि 'तुम्ही बोलता' या तिघांचा उच्चार 'पार्ले'च. कुठलं कसं लिहायचं यावर तिथली पोरं श्रुतलेखनात वर्षानुवर्षं मार खातात. म्हणजे ज्याच्या कानात भाषा आहे त्यालाही जे अवघड जातं, ते आपण कानात काहीच नसलेल्या मुलापुढे पहिल्या दिवशी ठेवतो. मग म्हणतो, फ्रेंच अवघड आहे.

मी स्पेलिंग शिकवू नका म्हणत नाही. फ्रेंच लिहायची तर मुकं ई-एन-टी लिहावंच लागतं. मी क्रम बदला म्हणते. रूप आधी ऐकवा, मग म्हणायला लावा, मग लिहू द्या. तक्ता हवाच असेल तर आवाजांचा करा: पार्ल्, पार्लों, पार्ले, तीन रकाने. कुठलं स्पेलिंग कुठल्या रकान्यात पडतं ते मुलांनाच शोधू द्या. 'ते'चं रूप आधी द्या आणि व्यंजन छाटायला लावा. आणि कृपा करून प्रत्येक गोष्ट इंग्रजीतून समजावू नका. 'विसरतो' आणि 'विसरेल' फळ्यावर लिहायला मराठी शिक्षकाला कसली लाज?

शिकवण्यांच्या तिसऱ्या वर्षी मी तक्ता बाजूला ठेवला आणि मुलांना एक फ्रेंच शाळकरी वाक्य ऐकवलं: 'ले पूल् द्यु कूव्हाँ कूव्ह्.' म्हणजे, मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात. मग ते लिहून दाखवलं. शेवटचे दोन शब्द अक्षरन् अक्षर सारखे, पहिला नाम, दुसरा क्रियापद. एकाचं ई-एन-टी बोलतं, दुसऱ्याचं मुकं. नववीतला एक मुलगा बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "ताई, म्हणजे ही अक्षरं दिसली की आधी बघायचं, हे काम करतंय की नुसतं बसलंय. काम करत असेल तर गप्प." माझ्या तीन वर्षांच्या फ्रेंचमध्ये एवढं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.

पूर्वी शिक्षकांना एक सबब होती. ऐकवणार कसं? कॅसेट नाही, फ्रेंच माणूस भेटत नाही. आता हा लेख तुम्ही ज्या फोनवर वाचताय, तो फ्रेंच वाचून दाखवतो. तुमच्या वहीतला कुठलाही तक्ता उघडा, सहाही रूपं त्यात टाईप करा, स्क्रीन उलटी ठेवा आणि ऐका. किती आवाज ऐकू आले ते मोजा. मग तो आकडा घेऊन वर्गात जा आणि बाकीच्या रूपांचं काय करायचं ते विचारा.